बिनरांगेची खिडकी

२ जून
बाबांना जाऊन महिना झाला. आज मृत्युपत्र वाचलं. घर आईच्या नावावर. मृत्युपत्र खरं असल्याचा शिक्का कोर्टाने मारला की झालं. त्यालाच प्रोबेट म्हणतात. ताई म्हणाली, ओळखीच्या वकीलबाई आहेत. मी म्हटलं, घरात कर्ता पुरुष असताना वकील कशाला? ताई हसली. दुःखात माणूस कसाही वागतो.
संकल्प: पंधरा दिवसांत काम फत्ते.

९ जून
कागद शोधायला आईकडे जाऊन बाबांचं कपाट उघडलं. आधी चष्माच सापडला. बंद केलं. कागद पद्धतशीर लावायचे तर आधी फायली हव्यात. रंगीत.

२० जून
फायली आणल्या. घराच्या कागदांना निळी की हिरवी, ठरेना. तेवढ्यात ताईने आईला नेऊन वकीलबाईंकरवी अर्ज दाखलसुद्धा केला! आई म्हणाली, तुला त्रास नको म्हणून. असो. पाया मीच रचला होता. आता आम्हा भावंडांची संमती तेवढी द्यायची. ताई म्हणाली, तुझाही फॉर्म भरून ठेवते. मी ठणकावलं, माझी सही माझ्या अकलेने होईल.

४ जुलै, दुपारी
कोर्टात गेलो. संमतीच्या खिडकीवर मारुतीच्या शेपटाएवढी रांग. शेजारची खिडकी मोकळी. लोकांना डोळे नसतात, दुसरं काय! फॉर्मचं नाव 'कॅव्हेट'. सर्टिफिकेटचाच कोणी भारदस्त भाऊ असणार. कारकुनाने दोनदा विचारलं, आईच्याच अर्जावर ना? सख्खी आई? भोचक मेला. म्हटलं, शंभर टक्के. 'कारण' या रकान्यात अगदी मनापासून लिहिलं: या घरावर माझा जन्मापासून जीव आहे. लिहिताना डोळे भरून आले. वीस मिनिटांत बाहेर. ताईला तीन तास लागले होते.

२२ जुलै
आई आठ दिवस फोन उचलत नाही. ताईही नाही. यशस्वी माणसाचा हेवा घरातूनच सुरू होतो.

२५ जुलै
बायको म्हणाली, फोन कसले करताय, जाऊन या. गेलो. टेबलावर कोर्टाची नोटीस: आई विरुद्ध मी. कॅव्हेट म्हणजे म्हणे, माझी हरकत आहे, माझं ऐकल्याशिवाय निकाल देऊ नका. मग खिडकीवर तसं लिहायला काय झालं होतं? (लिहिलं होतं, असं ताई म्हणाली. लाल अक्षरात.)
आई म्हणाली, "घर हवं होतं तर तोंडाने मागायचंस रे. मी काय नाही म्हणाले असते?"
मी सांगितलं, चूक झाली, वाचलं नव्हतं. आई कितीतरी वेळ माझ्याकडे बघत राहिली. ताईने मात्र तत्काळ विश्वास ठेवला. ते जास्त लागलं.

१९ ऑगस्ट
हरकत मागे घेण्याचा अर्ज वकीलबाईंनी लिहिला, ताईने तपासला, मी सही केली. तिघांची कामगिरी सारखीच. न्यायाधीशांनी विचारलं, मुळात हरकत का घेतली? मी घसा साफ केला. छोटंसं भाषण तयार होतं. आईच उठून म्हणाली, "साहेब, त्याच्या मनात काही नाही. डोक्यातही नाही."
न्यायाधीश हसले नाहीत. पण त्यांना जड गेलं.

५ ऑक्टोबर
प्रोबेट मिळालं. घर आईचं झालं. मधला किरकोळ उशीर सोडला, तर सगळं माझ्याच देखरेखीखाली पार पडलं म्हणायचं.

१२ ऑक्टोबर
आईने आज स्वतःचं मृत्युपत्र केलं. घरीच. वकीलबाई, ताई, साक्षीला शेजारचे डॉक्टर आणि त्यांची बायको. मलाही बोलावलं. म्हणजे विश्वास परत आला. सह्यांची वेळ झाली तसं मी पेन काढलं. आईने ते हातातून अलगद काढून घेतलं. म्हणाली, "तू नको. तू चहा टाक."
सहा कप टाकला. आत काय लिहिलंय ते कोणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. चहा बरा झालाय, असं डॉक्टर म्हणाले.