वाकडी करंगळी

हामासे, ९ नोव्हेंबर

चि. क्योहेईस,

आजीचे अनेक आशीर्वाद. वि. वि. मी ठीक आहे, गुडघे नाहीत. पत्र नेहमीसारखं शेजारची फुकिको लिहितेय. मी बोलते तेवढंच लिहिते की मध्ये स्वतःचं घुसडते, ते तिचं तिलाच ठाऊक. मला अक्षरओळख नाही, याचा या गावात सगळ्यांनी फायदा घेतलाय.

आता मुद्द्याचं. सकाळची गाडी हल्ली तू चालवत नाहीस. माझ्या मुळ्याच्या वाफ्याला लागून रेल्वेची वेगाची पाटी आहे. तिथं आलं की प्रत्येक ड्रायव्हर पांढऱ्या हातमोज्यातलं बोट पाटीवर रोखतो आणि पाटीवरचं मोठ्यानं म्हणतो. तू नोकरीला लागेपर्यंत मला वाटायचं, ही पोरं मला नमस्कार करतात. मी वर्षानुवर्षं कमरेत वाकून परत करत आले. तो नियम आहे, हे तूच हसत हसत सांगितलंस. तरी मी वाकते. पण तू बोट रोखलंस की लहानपणी मोडलेली तुझी करंगळी मिटत नाही, बाहेर राहते. ती करंगळी बरेच दिवस दिसलेली नाही. आता जो येतो तो असं बोट दाखवतो, जसं काही भाजीवालीला सडका कांदा दाखवतोय.

फोन करू नकोस. फोनवर खोटं पटकन बोलून होतं. पत्राला निदान बसावं लागतं.

लोभ आहेच; खरं लिहिलंस तर वाढेल.

तुझी आजी, तोमिए

---

कुराओका, १५ नोव्हेंबर

ती. आजीस,

क्योहेईचा शि. सा. नमस्कार. वि. वि. पत्र वाचून हसू आलं. माझ्या पाळ्या बदलल्यात, एवढंच. काही दिवस रेल्वेच्या कारखान्यात काम आहे. बाकी काही नाही.

आपल्या हिरव्या गाडीचं आता वय झालं. परवा दाराजवळचा रंग खरवडला, तर हिरव्याच्या खाली पिवळा निघाला आणि त्याच्या खाली निळा. राजधानीत ही गाडी नवी आली तेव्हाचा तो निळा. तुला आठवतं का, बाबा सांगायचे, गर्दीत हात वर करायला जागा नसायची, म्हणून उभ्याउभ्याच झोप काढायची? तीच ही गाडी. तिथं नवी गाडी आली तशी हिला उपनगरात धाडलं, तिथून डबे कमी करून आपल्याकडे. बाबांनी निळी पाहिली, मी हिरवी चालवली.

तुझ्या खारवलेल्या मुळ्याची कृती लिहून पाठव. आणि तो उकाड्यात किती टिकतो, तेही कळव.

फुकिकोकाकूंना नमस्कार. माझी काळजी करू नकोस, माया मात्र कर.

तुझा क्योहेई

---

हामासे, १० जानेवारी

चि. क्योहेईस,

आशीर्वाद. वि. वि. इथं कुंपणावर बर्फ साचलाय आणि तुला उकाड्यातल्या मुळ्याची चिंता. मी म्हातारी आहे, मठ्ठ नाही.

नव्या वर्षाला येऊन गेलास. मी नुसती बघत होते. तांदळाच्या गोळ्यांच्या सारात तू लाल तिखट ओतलंस. ज्या पोराला मोहरीनं रडू यायचं, त्यानं. दंड धरला तर कळवळलास. बाहीखाली सुया टोचल्याच्या खुणा होत्या. न्हाणीघरात एकटाच कुठल्या तरी परक्या भाषेत आकडे म्हणत होतास. स्टेशनातल्या ओरिताला विचारलं, तर तो आभाळाकडे बघून म्हणाला, ढग येतायत. ढगाचा पत्ता नव्हता. तीन हिरव्या गाड्यांपैकी आता एकच येते. बाकीच्या कुठं गेल्या विचारलं, तर पुन्हा आभाळ.

फुकिको म्हणते, बाई असणार. (मी असं म्हणाले नव्हते. – फुकिको.) मला बाईची भीती नाही, आण खुशाल. मला सुयांची भीती वाटते.

तुला माझा संशयी स्वभाव आवडत नाही. पण तो कुठून आला, ऐक. तुझे आजोबा लढाईत दक्षिणेकडच्या जहाजात बसले. कुठं जाणार, ते सांगितलं नाही. त्यांनाही माहीत नसावं. पुढं एकानं येऊन सांगितलं, जहाज बुडालं. दुसऱ्यानं सांगितलं, तिथं पोचून तापानं गेले. अस्थी म्हणून पांढरी पेटी आली, तिच्यात एक खडा. तेव्हापासून मी कुणाचंच खरं धरत नाही, आणि देव्हाऱ्यात त्यांच्या नावचा भात ठेवताना तोंड कुठल्या दिशेला करायचं तेही मला कळत नाही.

तुझा बापही गेला. आता तू एकटा उरलास. म्हणून एवढंच विचारते: आजारी आहेस का?

उत्तर येईपर्यंत लोभ राखून ठेवलाय.

आजी

---

कुराओका, १४ जानेवारी

ती. आजीस,

शि. सा. नमस्कार. वि. वि. मी आजारी नाही. सुया प्रवासाआधी टोचतात त्या आहेत.

हिरव्या गाड्या जकार्ताला चालल्यात. त्या शहराला गाड्या हव्यात, आणि आपल्याकडे त्या भंगारात निघाल्या असत्या. दोन जहाजावर चढल्या, तिसरी वसंतात जाईल. तिथल्या ड्रायव्हरांना ही गाडी शिकवायला एक माणूस हवाय, दोन वर्षांसाठी. हिचा ब्रेक कुठं कुरकुरतो, ते मला माहीत आहे, म्हणून मला विचारलं. गेले दोन महिने मी तीच तयारी करतोय. ओरिताला गप्प बसायला मीच सांगितलं होतं.

तुझ्याशी खोटं बोललो, कारण जकार्ता दक्षिणेला आहे. आजोबांचं जहाज ज्या बेटांकडे निघालं असावं, त्यांतल्याच एकावर. हे तुझ्या तोंडावर सांगायचं मला धाडस झालं नाही. अजून सही केलेली नाही. तू नको म्हणालीस, तर इथंच नवी गाडी चालवेन आणि वाईट वाटून घेणार नाही.

राखून ठेवलेला लोभ आता दिलास तरी चालेल, नाही दिलास तरी माझीच चूक.

क्योहेई

---

हामासे, २१ जानेवारी

चि. क्योहेईस,

आशीर्वाद. वि. वि. तुझं पत्र आलं त्या दिवशी मी फुकिकोला घरी पाठवून दिलं आणि जेवले नाही. आज जेवले, म्हणून लिहवतेय.

वाईट वाटून घेणार नाही म्हणतोस, ते खोटं आहे. रंग खरवडल्याचं लिहिलंस तेव्हाच ओळखलं होतं, तुझा जीव त्या गाडीत अडकलाय. तुझ्या बापाला उभ्यानं झोपवून नेणारी गाडी परक्यांच्या हाती एकटी पाठवायची नाही. जा.

पण एक काम माझं. तुमची रीत आहे ना, बोट रोखून मोठ्यानं म्हणायचं, म्हणजे चूक होत नाही? तिथं पोचलास की समुद्राकाठी उभा राहा. आधी पाण्याकडे बोट रोख, मग आपल्या गावाच्या दिशेला, आणि मोठ्यानं म्हण: “सेइगो-सान, तोमिए घरी आहे. सगळं ठीक.” ते बुडाले असोत की तापानं गेलेले असोत, ऐकू जाईल. आणि ती दिशा कुठली ते मला कळव. फुकिको रडतेय, शाई फिसकटली तर तिलाच जबाबदार धर.

मुळ्याची कृती पाठवत नाही. बरणीच पाठवते. लोभ तिच्यातच भरलाय.

आजी

---

जकार्ता, ३ मे

ती. आजीस,

शि. सा. नमस्कार. वि. वि. तिसरी गाडी काल उतरली. पहिल्या दोघींना इथं लाल रंग दिलाय. खालचा हिरवा कधी तरी कुणाला तरी सापडेल. सकाळी इतकी गर्दी होते, की बाबांना आपलंच वाटलं असतं. मी बोट रोखून ओरडतो, म्हणून इथला ड्रायव्हर वार्सितो आधी हसायचा. आता तो माझ्याहून जोरात ओरडतो.

क्रेननं गाडी धक्क्यावर टेकवली तेव्हा मी पाण्याकडे बोट रोखलं, मग उत्तरेला, आणि म्हणालो: “सेइगो-सान, तोमिए घरी आहे. सगळं ठीक.” वार्सितोला वाटलं, हासुद्धा गाडीचाच नियम, म्हणून तोही माझ्यामागून म्हणाला. मी त्याला थांबवलं नाही.

तुझ्या घरातून दक्षिण म्हणजे मुळ्याच्या वाफ्याकडे, थेट त्या पाटीच्या रेषेत. तू इतकी वर्षं बरोबर दिशेलाच वाकत होतीस.

बरणी अर्धी झाली, माया अजून काठोकाठ आहे.

क्योहेई

---

हामासे, १९ मे

चि. क्योहेईस,

आशीर्वाद. वि. वि. नवी गाडी आली. गुळगुळीत आहे, आवाज नाही, मला आवडत नाही. सडक्या कांद्यावाला मात्र आता नीट बोट रोखतो, आणि रोखताना त्याची करंगळी बाहेर असते. ती मोडलेली नाही, मी निरखून पाहिलंय. हे तू शिकवून गेलास. नाही म्हणायची सोय नाही.

तुझं पत्र फुकिकोनं वाचलं. मला वाटलं, मला बरं वाटावं म्हणून बाईनं पदरचं घातलं. तिला काही न सांगता पत्र घेऊन स्टेशनावर गेले आणि ओरिताला वाचायला लावलं. त्यानं आभाळाकडे न बघता वाचलं. तेच शब्द. पाणी, उत्तर, सेइगो-सान, सगळं ठीक.

तुझ्या आजोबांबद्दल दोन माणसांनी मला एकच गोष्ट सांगितली, असं पहिल्यांदाच झालं. आज भात वाफ्याकडे तोंड करून ठेवला.

त्या वार्सितोला माझा आशीर्वाद सांग. लोभ आता राखून ठेवत नाही, सगळा तुझा.

आजी