सगळ्याला एकच 'टेक'

चि. धाकटीला थोरलीचे पोटभर आशीर्वाद.

मी मजेत आहे. मी सांगते, नात लिहिते. तुझी पाठ आता बरी आहे ना?

इथे मुलाकडे सगळ्यांचं एका इंग्रजी शब्दावर भागतं. आपण फोटो काढतो, परीक्षा देतो, डुलकी घेतो. यांचं सगळ्याला 'टेक'! नातीला म्हटलं, "द्यायची परीक्षासुद्धा तुम्ही घेताच का गं?"

तेव्हापासून 'टेक'च्या पुढे काय येतं ते मी कान देऊन ऐकते. मागच्या आठवड्यात मला दवाखान्यात नेलं तेव्हा 'ब्लड' आलं, मग 'एक्स-रे'. काल सून फोनवर 'टेक लीव्ह' म्हणाली, आणि मुलानेही गुरुवारची रजा टाकली. माझ्या एका खोकल्यासाठी दोघांची रजा? शिवाय मुलगा हल्ली मला आग्रह करून वाढतो. हा कधीपासून एवढा गुणी झाला?

आत्ता नातीला विचारलं, गुरुवारी काय आहे, तर म्हणाली, "आजी, साधी तपासणी आहे," आणि पेनाचं टोपण शोधायला लागली. टोपण तिच्या हातातच होतं.

मुलाने तुला फोनवर काय सांगितलंय ते खरं कळव. तुझं पत्र हीच वाचून दाखवणार. तू गोडगोड लिहिलंस, तरी वाचताना ही अडखळली की मला काय ते कळेल.

तुझी, अजून ठणठणीत,
ताई