दादाच्या गिटारवर माझी बोटं

४ सप्टेंबर
गिटार केशोरीहून आली. वहिनीने जुन्या लुगड्यात गुंडाळून पाठवली. दादाने पाहिलं आणि तोंड फिरवलं. लकवा मारल्यापासून डावा हात नुसता मांडीवर पडून असतो. फिजिओसाठी म्हणून त्याला इथे फुलचूरला माझ्याकडे ठेवलंय.
"कायले आणली इथं? गजाले देऊन टाक."
गजा म्हणजे दादा ज्यात गिटार वाजवायचा त्या लग्नाच्या ऑर्केस्ट्रातला ढोलकीवाला. माझ्या तोंडून निघून गेलं, मी शिकते, तू शिकव. दादा हसला. आजारपणानंतर पहिल्यांदा, पण कुचकट.
"दिवाळीपर्यंत एक गाणं काढून दाखव, बेबी. नाही त गजा नेईन."
पन्नाशी उलटली माझी. शिलाई मशीन सोडून कशाला हात लावला नाही. बोलून बसले खरी.

९ सप्टें.
बोटांची टोकं लाल. ई मायनर कॉर्डला दोनच बोटं लागतात, पोरंसोरंही धरतात म्हणे. माझी करंगळी ताठ, अंगठा मागून रुतलेला. मान, खांदा, दात, सगळं आवळलेलं.
दादा : "श्वास घे आधी. मरशीन."
हे राइस मिलमधून आले ते दारातूनच, "क्या मैडम, शादी का ऑर्डर लिया क्या?" मी चप्पल फेकणार होते.

१७ सप्टें.
आज सराव नाही. ब्लाउजांचा ढीग.
मशीनवर बसल्या बसल्या केशोरीची मंडई, दिवाळीनंतरची जत्रा, आठवत राहिली. दादाचा तो चकचकीत निळा शर्ट. मी पुढे बांबूच्या तट्ट्यावर बसून बायकांना सांगायची, तो गिटारवाला माझा भाऊ. विचारलेलं नसायचं कोणी. त्याची डावी बोटं बघतच राहावीशी वाटायची, तारांवरून नुसती फिरायची, जोर कुठे दिसायचाच नाही. आता तोच हात मी उचलून उशीवर ठेवते. फार वाईट वाटतं, पण त्याच्यासमोर रडायचं नाही असं ठरवलंय.

२८ सप्टें.
भांडण. तार नीट वाजत नाही म्हणून मी आणखी दाबलं, हाताला गोळा आला. दादा ओरडला.
"माहा हात त गेलाच. तू तुहा चांगला हात कायले मारून राहिली?"
मीही ओरडले. जेवताना त्याने भाजी मागितली नाही, मी वाढली नाही.
अशाने गजाच नेईल. नेऊ दे.

५ ऑक्टो.
हलक्या धानाची कापणी सुरू झाली, वहिनीचा फोन होता. त्यावरून दादाला काय सुचलं कोण जाणे, माझा हात निरखत म्हणाला, "पाह्य, धानाची मूठ धरून राहिली तू."
खरंच की. डाव्या हातात मूठ आवळायची, उजव्याने विळा. लहानपणापासून डाव्या हाताला तेवढंच काम माहीत. गिटारची मानही तशीच पकडली होती, सुटली तर दाणे सांडतील अशी.
"पण कापली का मूठ खाली कडप्यावर टाकतेस ना? का घेऊन फिरतेस धानाच्या बांधीभर?"
तर आता तसंच. धरायचं, वाजवायचं, हात पूर्ण सोडून मांडीवर ठेवायचा. मग पुन्हा. लाजिरवाणं हळू, पण खांदा दुखला नाही. सहाही तारा वाजल्या.

११ ऑक्टो.
ई मायनर, ए मायनर येतात. सी येत नाही. मी बोटांकडे बघायला लागले की ती पुन्हा लाकूड.
गाणं अर्धंही नाही. दिवाळी तोंडावर.

१६ ऑक्टो.
कसं लिहू.
दु. चहा झाल्यावर दादा म्हणाला, मी स्टुलावर बसतो, गिटार दे माझ्याकडे. तू मागं खाटेवर बस. मी त्याच्या डाव्या काखेखालून हात घालून गिटारची मान धरली. त्याचा निर्जीव हात माझ्या हातावर येऊन पडला, चांगला जड. त्या भाराने खांदा आपोआप खाली गेला. समोर त्याची पाठ, तारा दिसतच नव्हत्या. बघायचं काही नाही, म्हणून बोटं आपली आपण बसली.
आणि त्याने उजव्या हाताने वाजवलं. तीच जुनी चाल, मंडईतली.
सीवर मी चुकले. तो थांबला, माझं बोट सापडेपर्यंत, मग पुढे. पुन्हा चुकले, पुन्हा थांबला. ओरडला नाही. त्याच्या पाठीला डोकं टेकवून रडले शेवटी, ठरवलेलं सगळं वाहून गेलं. तोही रडत असावा. आम्ही एकमेकांचं तोंड बघितलं नाही.

१८ ऑक्टो.
गजाचा फोन. स्पीकरवर. "भाऊ, गिटार न्यायले कवा येऊ?"
दादा म्हणाला, "ये उद्या. आधी ऐकून घे, मंग नेतोस का सांग."
मी म्हटलं, अरे, सी अजून बसत नाही माझा.
दादा काठी टेकत टेकत जाऊन स्टुलावर बसला, आणि मागे खाटेवर माझ्यापुरती जागा करायला उशी सरकवायला लागला.