बत्तीस जागांची तालीम

सोमवार, ४

आले एकदाची! दोन बॅगा, एक ट्रायपॉड आणि ताईने बळेच कोंबलेली उशी, एवढा संसार घेऊन तिसऱ्या मजल्यावरच्या एका खोलीत आजपासून माझं राज्य. खोली लहान आहे, पण खिडकी मोठी आहे आणि नळाला दिवसभर पाणी असतं. दहा वर्षं लग्नांचं शूटिंग केलं, लोकांच्या मावश्या-आत्यांना फ्रेमबाहेर हाकलून हाकलून घसा गेला. आता मोठ्या कंपनीत नोकरी लागली आहे, गळ्यात ओळखपत्र आहे, बसायला फिरती खुर्ची आहे. कंपनीला पंचवीस वर्षं होतायत, त्या सोहळ्याच्या चित्रीकरणाची आखणी माझ्याकडे. कुठला कॅमेरा कुठे लावायचा, कोण कधी स्टेजवर येणार, कोणाचा चेहरा चुकता कामा नये, सगळं मी ठरवणार. कार्यक्रम तेवीस तारखेला सकाळी दहाला.

ताईला बोलावणार आहे. आई-बाबांमागे तिनेच मला वाढवलं, आणि माझं काम तिने आजवर एकदाही बघितलेलं नाही. दुसऱ्यांचे सोहळे दारातून बघण्यात कसला आलाय मान, असं तिचं म्हणणं. म्हणून या वेळी तिला पहिल्या रांगेत बसवायचं. मला बाकी काही नको.

बुधवार, ६

आज हॉलचं माप घेतलं. सहा कॅमेरे लागतील. आमच्या विभागाच्या प्रमुख, ज्यांना सगळे नुसतं बाई म्हणतात, त्यांनी कंपनीची एक पद्धत सांगितली. सोहळ्यात जी जी जागा कॅमेऱ्यात येणार, तिथे आधी जिवंत माणूस बसवून तालीम घ्यायची, आणि सगळीकडे एकच माणूस हवा, म्हणजे उजेडातला फरक कळतो. दार, पायऱ्या, स्टेज, रांगा मिळून बत्तीस जागा झाल्या. मागच्या वर्षीच्या कार्यक्रमाला हे कोणी केलं होतं असं विचारलं, तर बाई बराच वेळ आठवत राहिल्या आणि म्हणाल्या, होती कोणीतरी, मुलगी चांगली होती.

एखाद्या विभागाकडून माणूस मागून घ्या म्हणाल्या. पण मागू कोणाकडे? आज आठ जणांच्या टेबलावर एकटी जेवत होते. पाच जण येऊन अगदी अदबीने विचारून गेले, ही खुर्ची घेऊ का? घेतली. शेवटी टेबल, मी आणि दोन रिकाम्या खुर्च्या उरलो. लग्नात निदान कोणीतरी जेवलात का विचारायचं.

जाऊ दे. आपला हात जगन्नाथ. मीच बसेन सगळीकडे.

शनिवार, ९

आठ जागा झाल्या. कॅमेरा चालू करायचा, चालत जाऊन खुर्चीत बसायचं, मिनिटभर थांबायचं, उठून यायचं, बंद करायचं. मोकळ्या हॉलमध्ये आपल्याच चपलांचा आवाज ऐकत दिवस गेला.

संध्याकाळी क्लिप बघितल्या. तिसरीत मी उठतच नाही. शेवटपर्यंत बसूनच आहे. मग कॅमेरा बंद करायला कोण आलं? फाइल बिघडली असणार. आमचे एडिटर वयस्कर आहेत, चष्मा कपाळावर ठेवून चष्मा शोधणारे. ते म्हणाले, उजेड मस्त आलाय, बाकी डोक्याला ताप करून घेऊ नका.

ताईशी फोनवर बोलले. ती येतेय! भावोजींना सुट्टी नाही, ती एकटी येईल. दोनदा विचारलं, जेवतेस ना वेळेवर.

मंगळवार, १२

सतरा झाल्या. दुसऱ्या रांगेतल्या क्लिपमध्ये मी शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे झुकून हसते आहे, अगदी दात दाखवून. मी तशी हसत नाही. मी नुसती बसले होते, पाठ दुखत होती हेसुद्धा आठवतंय.

एडिटरना दाखवलं. त्यांना नवल वाटलं नाही. म्हणाले, कॅमेऱ्यात किती मोकळ्या दिसता हो तुम्ही, एरवी तोंडाला कुलूप. मीही हसण्यावारी नेलं.

पण खाली रिसेप्शनवरच्या मुलीने विचारलं, कोणाला भेटायचंय? आठ दिवस रोज हिच्यासमोरून जाते. ओळखपत्र दाखवलं, तर तिने ते उलटसुलट करून बघितलं आणि मला पाहुण्यांची चिठ्ठी फाडून दिली.

गुरुवार, १४

चहावाल्या मावशी आमच्या रांगेतल्या प्रत्येक टेबलावर कप ठेवत आल्या. माझ्या टेबलावर ठेवला नाही. हाक मारली. त्यांनी मागे वळून दाराकडे बघितलं आणि पुढे गेल्या.

हिशोब लागतोय. एक जागा झाली की एक माणूस मला विसरतो. लिहितानाच वेड्यासारखं वाटतंय. तरी बाईंकडे जाऊन म्हटलं, उरलेल्या बारा जागांसाठी दुसरं कोणीतरी द्या. त्यांनी वर न बघताच सांगितलं, बत्तीसही झाल्यात की, फार छान झाल्यात.

मी वीस केल्या आहेत. वीसच.

मशीनवर बघितलं, बत्तीस फाइली आहेत. शेवटच्या बारांमध्ये मी हिरव्या ड्रेसमध्ये आहे. माझ्याकडे हिरवा ड्रेस नाही. शेजारच्या खुर्च्याही रिकाम्या नाहीत आता. बाई आहेत, रिसेप्शनवरची आहे, चहावाल्या मावशी हातातला ट्रे विसरून हिच्याशी बोलतायत. सगळ्यांच्या मध्ये ही. कानामागून आली आणि तिखट झाली.

खरं सांगायचं तर भीतीच्या आधी हेवाच वाटला.

शनिवार, १६

संध्याकाळी ऑफिसात जाऊन सगळ्या फाइली पुसल्या. जीव भांड्यात पडला. लगेच ताईला फोन लावला, नुसता तिचा आवाज ऐकायला.

ताई हसत म्हणाली, अगं किती वेळा करशील, आत्ताच तर तासभर बोललो. म्हणाली, किती वर्षांनी तू अशी पोटभर हसलीस, मला बाई फार बरं वाटलं. अशीच राहा.

मी सांगितलं, ती मी नव्हते. मी आज फोनच केला नाही.

 ताईने परक्याशी बोलतात तशा आवाजात विचारलं, कोण बोलतंय?

सोमवार, १८

फाइली परत आल्या आहेत.

पंचविसावी क्लिप. तिच्या कानाला फोन आहे. खाली वेळ दिसते, शनिवार, चार वाजून दहा. तेव्हा मी खोलीत कपडे धूत होते.

आवाज वाढवून ऐकलं. ती ताईला सांगतेय, इथे खूप माणसं भेटली मला. ही वाक्यं मी कितीदा मनात जुळवली होती, ताईला सांगायला. एकही खरं नव्हतं म्हणून सांगितली नाहीत.

बुधवार, २०

ताईला बारा फोन केले. येऊ नकोस, एवढंच सांगायचं होतं. आता माझा आवाज आला की ती ठेवून देते. भावोजी म्हणाले, पुन्हा त्रास दिलात तर तक्रार करू.

घरी जायला स्टेशनवर गेले. तिकीट खिडकीवरच्या माणसाने माझ्या मागच्याला पुढे घेतलं. त्याच्याही मागच्याला. संध्याकाळपर्यंत रांगेत पहिलीच होते.

खोलीवर आले तर घरमालकीण दारावर भाड्याने देणे आहे अशी पाटी लावत होत्या. मी त्यांच्या हाताखालून आत आले.

शुक्रवार, २२

हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय. मीच बसले. कोणाकडे माणूस मागायची लाज वाटली म्हणून.

उद्या ताई हॉलच्या दाराशी आली की तिला धरायचं. हातच सोडायचा नाही. माझा हात ती ओळखेल. ओळखेलच—

पण दारावर कॅमेरा आहे. पायऱ्यांवर आहे. रांगांवर आहे. एक कोपरा सुटू दिला नव्हता मी. तेव्हा केवढी मिरवले होते.

फक्त मागची काचेची खोली. जिथे मॉनिटर ठेवलेत. तिथे कॅमेरा नाही. ताईला तिथेच आणायचं.

शनिवार, २३

साडेनऊ. काचेच्या खोलीत आहे. एडिटर माझ्या खुर्चीवर पिशवी ठेवून बसलेत. मी भिंतीला टेकून लिहितेय.

सहाही मॉनिटरवर ती. हिरवा ड्रेस. ज्याच्या त्याच्याशी हात मिळवतेय.

नऊ चाळीस. ताई आली! कॅमेरा एक, दार. निळी साडी, हातात डबा. माझ्यासाठी आणलाय. भिरभिर बघतेय. जाते—

नऊ पन्नास. परत आले. ताईच्या पुढ्यात उभी राहिले. ताई म्हटलं. ओरडले. ती माझ्या खांद्यावरून पलीकडे बघत होती. हात धरला तिचा, दोन्ही हातांनी. तिने पदर अंगाभोवती घेतला, थंडी वाजल्यासारखा.

मग ती हिरव्या ड्रेसमधली आली. ताईने डबा तिच्या हातात दिला.

मॉनिटरवर बघतेय. ताई रडतेय. आनंदाने. तिला मिठी मारलीय. एवढी घट्ट मला कधी—

एडिटर म्हणतायत, वा, हाच शॉट हवा.

ताईने तिचा चेहरा हातांत धरलाय. थांबली. नीट बघतेय. हसू गेलं तिचं.

हात काढून घेतले.

मागे सरतेय. मान वळवून हॉलभर शोधतेय. कळलं. ताईला कळलं! माझं नाव घेतेय, ओठ दिसतायत. ती हिच्याकडे बघत नाहीये, ती इकडे, कॅमेऱ्याकडे—

एडिटर सांगतायत, पाहुण्यांचा गोंधळ नको, कॅमेरा एक बंद करा, आपल्या खोलीचं दार लावून घ्या. नको. नको हो, दोनच मिनिटं, ती येतेय, ताई इथे, मागे, काचेच्या मा