एक का तीन?

सोमवार, कन्हेरी

आज बारामती स्टेशनच्या खिडकीवर बाईंनी विचारलं, "पुण्याचा पास एक महिन्याचा का तीन?" तीन महिन्यांचा स्वस्त पडतो, हे मला ठाऊक आहे. आबांनी सकाळी गाडीवरून सोडताना तसं बजावलंही होतं. तरी तोंडातून 'एक' निघालं. का?

ऑफिसातली मैत्रीण पुण्यात खोली घेतेय, मलाही बोलावतेय, हे आबांच्याही कानावर आहे, म्हणून? पण मी तिला हो कुठं म्हणलंय! आई गेल्यापासून घरात आम्ही बापलेक दोघंच. रात्री लाईट येते तेव्हा शेतात टोमॅटोला पाणी देऊनसुद्धा आबा पहाटे उठून मला स्टेशनला सोडतात. मी तिकडं राहिले तर ते निवांत झोपतील, की एकटे पडतील? काहीच कळत नाही. एक का तीन, एवढंच तर विचारलं होतं बाईंनी.

जेवताना आबांनी विचारलंच, "तीनचाच काढलास न्हवं?"

"व्हय आबा," म्हणून मोकळी झाले. खोटं. कशाला बोलले?

त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, पण तोंडात घातला नाही. "बरं," म्हणाले. मग माझ्याकडं न बघता, "मला वाटलं हुतं, ह्या टायमाला एकच काढशील."