खालचा खांदा

कळंब, ता. इंदापूर
मंगळवार, १५ एप्रिल २०२५

चि. मानसिंगभावजींस,

आशीर्वाद. मिरजेला सगळे बरे असतील असं धरून चालते. इकडे मी ठीक आहे. ऊस फेब्रुवारीत तुटून भवानीनगरला गेला. खोडवा ठेवला आहे. म्हैस विकली, कारण माझ्याच्यानं धारा होत नाहीत आणि दूध प्यायला कोणी नाही. ऊन फार आहे. दुपारी बाराला घराची दारं लावून घेते ती पाचला उघडते. संस्कृती पुण्याहून रोज सकाळी आठला फोन करते आणि आई, जेवलीस का विचारते. मी हो म्हणते. कधी जेवलेली असते, कधी नसते.

अकरा वर्षांनी वहिनीचं पत्र पाहून तुम्ही ते आधी बाजूला ठेवाल. तरी वाचा. मला तुम्हाला एक गोष्ट सांगायची आहे. फोनवर सांगता आली असती, नंबर संस्कृतीकडे आहे. पण फोनवर तुम्ही मध्येच "असू द्या वहिनी" म्हणाल आणि मला ते सोयीचं होईल. म्हणून लिहिते.

मी यंदा शिंगणापूरला जाऊन आले. कावडीबरोबर, मुंगी घाट चढून.

हसू आलं असेल तर हसा. दगडावर पाणी ओतायला चाळीस माणसं तीन दिवस उन्हात चालतात, असं दर चैत्रात या घरात कोण म्हणायचं, ते तुम्हाला आठवत असेल. तुम्ही दहावीला होतात तेव्हा मी तुम्हाला गणित शिकवताना म्हटलं होतं की एवढं पाणी एवढ्या उंचीवर न्यायला किती काम झालं ते काढा. तुम्ही काढलंत. बरोबर काढलंत. आणि मग म्हणालात, "वैनी, ह्यात म्हादेव धरला न्हाय." मी तुम्हाला बाकावर उभं करायला घरात बाक नव्हता म्हणून सोडलं.

जायचं कारण असं झालं. फाल्गुनात नागेश आला. कावडीचं आता तोच बघतो. खालच्या डाव्या खांद्याचा मान आपल्या घराचा, तो तीन पिढ्यांचा. तुमचे दादा घाटात पडल्यापासून तो खांदा दुसरं कोणी ना कोणी घेतं, पण दादा जीपनं घाटाच्या पायथ्याला कोथळ्याला जायचे, खुर्चीवर बसायचे, कावड निघताना दांड्याला हात लावायचे आणि वर बघत राहायचे. मान तेवढ्यावर राहत होता. नागेश म्हणाला, बाई, यंदा घरातल्या कोणाचा तरी हात लागला पायजे, न्हायतर मान जाईल. संस्कृतीला सुट्टी नव्हती. दुसरं नाव त्यानं घेतलं नाही. मीही घेतलं नाही. तो चहा न पिता बसून राहिला. मी म्हटलं, मी येते.

दादांना जाऊन तेव्हा दोन महिने झाले होते. मी रडले नव्हते. अजूनही नाही. बायका येतात, माझ्या तोंडाकडे बघतात आणि आपणच रडून जातात. संस्कृतीची मैत्रीण म्हणाली, काकू, डोंगरावर जाऊन या, तिथं काहीतरी मोकळं होतं. काय मोकळं होतं ते मी बघणार होते. एवढाच माझा भाव. देवाला जाताना याहून जास्त भाव घेऊन निघाले असं लिहिलं तर ते खोटं होईल.

नीरेचं पाणी भरलं. हंडे भरल्यावर वर चढेपर्यंत कावड जमिनीला टेकवायची नाही, तिच्यासाठी लाकडी घोडे बरोबर असतात. मी एक दिवस चालले आणि नातेपुत्याच्या पुढे इमामभाईंच्या टेम्पोत बसले. शिधा आणि भांडी दरवर्षी त्यांच्याच टेम्पोत असतात. मुबशिरानं, म्हणजे त्यांच्या सुनेनं, माझ्यासाठी वेगळा डबा दिला होता. वाटेत इमामभाई एकदा म्हणाले, दादा ह्या वळणावर टेम्पो थांबवायला लावायचे, हितनं डोंगर पहिल्यांदा दिसतो. टेम्पो थांबवला. मी डोंगर पाहिला. उघडा, तपकिरी, उन्हानं भाजलेला. वर देऊळ. काही वाटलं नाही. इमामभाईंनी थोडा वेळ माझी वाट पाहिली आणि गिअर टाकला.

दुपारी कोथळ्याला सगळ्या कावडी जमल्या होत्या. तिथं नागेशनं मला घाटाची रीत सांगितली. तुम्हाला ती पाठ आहे, पण मला सेहेचाळीस वर्षांत कोणी सांगितली नव्हती, कारण मी विचारली नव्हती. दोर नाही, काही नाही. माणसांची साखळी, आणि तिच्यातून कावड वर. चढताना सगळं वजन खालच्या खांद्यावर येतं. म्हणून खालच्या खांदेकऱ्याच्या कमरेचा शेला त्याच्या घरातला माणूस धरतो. शेला धरणाऱ्यानं आपल्या मनानं सोडायचा नाही. खांदेकऱ्याचा पाय गेला आणि त्यानं "सोड" म्हटलं, तर मात्र तिथल्या तिथं सोडायचा आणि खांदा आपण घ्यायचा. माणूस धरून ठेवला तर कावड जाते, आणि कावड गेली तर खालची दहा-पंधरा माणसं जातात.

नागेश हे सगळं माझ्याकडे न बघता सांगत होता.

मी विचारलं, आणि "सोड" म्हटलंच नाही तर?

तो म्हणाला, मग धरायचं. दोगंबी गेलं तरी धरायचं.

भावजी, आता इथं लिहिताना मी थोडी थांबले होते. पाणी पिऊन आले.

घाट चढताना मी कावडीच्या मागे होते, डाव्या अंगाला. माझ्या हातात खांदेकऱ्याच्या शेल्याचं टोक दिलं होतं, नावापुरतं. खरा शेला नागेशनंच धरला होता. खांद्यावर सोनबाचा सौरभ होता. चांगला दणकट आहे, पंचविशीचा, तुम्ही गाव सोडलं तेव्हा प्राथमिक शाळेतून नुकता गेलेला. दगड कातळाचे, माणसांच्या तळव्यांनी गुळगुळीत झालेले. कोणाचा हात कोणाच्या हातात होता ते कळत नव्हतं. माझं मनगट वरून कोणीतरी धरलं होतं, खालून कोणीतरी पाठ. मी तोंडं पाहिली नाहीत. माझा पाय दोनदा सरकला आणि दोन्ही वेळा मी पडले नाही. याला तुम्ही लोक काय म्हणता ते मला माहीत आहे. मी त्याला अजून काही म्हटलेलं नाही. एवढंच नोंदवते की ज्यांनी धरलं त्यांना मी कोण हे माहीत नव्हतं.

आणि सगळे देवाला ओरडत होते. मला वाटायचं तिथं प्रार्थना करत असतील. नाही. गड्याला माराव्यात तशा हाका. म्हाद्या, धाव. म्हाद्या, झोपला का काय. एक म्हातारा तर शिव्या देत होता, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मी आयुष्यभर मुलांवर ओरडले, पण वरच्यावर ओरडता येतं हे मला ठाऊक नव्हतं. तोंड उघडून पाहिलं. आवाज आला नाही.

अर्ध्यात एक सपाट जागा आहे. तिथं कावड खांद्यावरच ठेवून दम घेतात. तिथं सौरभनं मान वळवून नागेशला म्हटलं, "नाना, शेला नीट धरा. मानसिंग करू नगा."

सगळे हसले. दमलेली माणसं हसतात तसं. नागेश हसला नाही, त्यानं माझ्याकडे पाहिलं. म्हणजे ही कावडीतली रोजची म्हणायची गोष्ट झाली आहे, भावजी. हात ढिला पडला की "मानसिंग करू नको." सौरभला मानसिंग कोण हेही धड माहीत नसेल. त्याच्या लेखी ते नुसतं क्रियापद आहे.

मी तिथं बोलले. वर्गात बोलते त्या आवाजात, म्हणजे सगळ्यांना ऐकू गेलं असणार.

मी म्हटलं, "मानसिंगनं आपल्या मनानं सोडलं नाही. दादांनी त्याला सोड म्हणून सांगितलं होतं. दादांनी मला दवाखान्यात स्वतः सांगितलं, आणि मी अकरा वर्षं कोणाला सांगितलं नाही."

नागेश म्हणाला, "बाई, आदी वर चला." आणि कावड निघाली. उरलेला घाट मी चढले. कसा ते आठवत नाही.

आता जे घाटात सांगायला वेळ नव्हता ते.

त्या वर्षी दादांना बारामतीच्या दवाखान्यात नेलं तेव्हा तुम्ही रक्तानं भरलेल्या सदऱ्यात व्हरांड्यात उभे होतात. मी सगळ्या गावकऱ्यांसमोर तुम्हाला म्हटलं की सख्ख्या भावाचा हात सोडलात, आता तोंड दाखवू नका. तुम्ही एक शब्द बोलला नाहीत. दादा शुद्धीवर येऊन सांगतील याची तुम्ही वाट पाहत असणार. दादा पाचव्या दिवशी शुद्धीवर आले. पहिलं तेच सांगितलं. म्हणाले, मी सोड म्हटलं, त्यानं सोडलं, कावड घेतली, माझ्या भावानं पंधरा माणसं वाचवली. बोलव त्याला.

मी बोलवलं नाही. दादांना सांगितलं की भावजी रागावून मिरजेला सासुरवाडीला गेले, येत नाही म्हणाले. तुम्हाला निरोप गेला की दादांना तुमचं तोंड बघायचं नाही. दोन्ही निरोप माझे. दोन्ही खोटे.

का, ते विचाराल. बासष्टाव्या वर्षी डोंगराला खांदा द्यायला जाऊ नका असं मी त्यांना हात जोडून सांगितलं होतं. ते गेले. खुबा मोडून घेऊन आले. त्यांच्यावर रागावता येत नव्हतं, ते पडून होते. देवावर रागवायला मी देव मानत नव्हते. तुम्ही समोर होतात. आणि एकदा चार लोकांत बोलून गेल्यावर ते मागे घेणं मला जमलं नाही. हे कारण म्हणून पुरेसं नाही हे मला कळतं. दुसरं नाही.

दादांनी मला दोनदा तुम्हाला पत्र लिहायला लावलं. खाटेवर बसून सांगितलं, मी वहीत उतरवून घेतलं. दोन्ही वेळा टाकलं म्हणून सांगितलं. ते पोस्टमनला विचारायचे, मग विचारायचे बंद झाले. जानेवारीत, गेले त्या दिवशी सकाळी त्यांनी विचारलं, "मानश्या आला का?" मी म्हटलं, येतोय. तुम्हाला फोन मी तिसऱ्या दिवशी राख सावडून झाल्यावर करू दिला. संस्कृतीला वाटलं गडबडीत राहून गेलं. राहून गेलं नव्हतं.

दहाव्याला तुम्ही नदीवर आलात, लांब बाभळीखाली उभे राहिलात आणि तिथूनच गेलात. मी पाहिलं होतं. हाक मारली नाही.

झालं. हे सांगून झाल्यावर हलकं वाटतं म्हणतात. मला वाटलेलं नाही. वर देवळात आमच्या कावडीची पाळी आली, नागेशनं माझा हात हंड्याला लावला, पाणी पिंडीवर गेलं, पिंडी ओली झाली. माणसं रडत होती, एकमेकांच्या पाया पडत होती, माझ्याही पडली. मी उभी होते. दादांसाठी, या माणसासाठी काय होतं इथं, तो एवढा खुर्चीवर बसून वर का बघत राहायचा, हे मला कळेल असं वाटलं होतं. ते कळलं नाही. तो वर बघत नव्हता, वाटेकडे बघत होता की काय, एवढी एक शंका आली. तुम्ही कधीतरी त्या वाटेनं याल म्हणून.

खाली टेम्पोपाशी आल्यावर इमामभाईंना कोणीतरी सगळं सांगितलं होतं. ते त्या वर्षी साखळीत होते, दादांच्या खाली चौथे. म्हणाले, "बाई, मी ऐकलं व्हतं. दादा सोड म्हनले ते मी ह्या कानानं ऐकलं."

मी विचारलं, मग बोलला का नाहीत.

"तुमी म्हनलाव सोडलं. तुमी शाळेच्या बाई. म्या म्हनलं, माझ्याच ऐकन्यात चूक झाली आसंल."

भावजी, घाटात, देवळात मला जे झालं नाही ते इथं झालं. मी टेम्पोच्या फळीवर बसले आणि बराच वेळ उठता आलं नाही. मुबशिराच्या डब्यातली भाकरी इमामभाईंनी पुढे केली. ती खाल्ली.

परत आल्यावर कावडवाल्यांची मारुतीच्या देवळात बैठक झाली. मी पुन्हा सगळं सांगितलं, न वगळता. सोनबा म्हणाला, आता काय उपेग, त्यो माणूस हितं न्हाय. दुसरा म्हणाला, बोलवा की मग. सौरभ कोपऱ्यात मान खाली घालून बसला होता. शेवटी नागेश म्हणाला, खांदा मानसिंगतात्याचा, त्यो येवो का न येवो; तवर तितं घरचा म्हनून कुनाचा हात लागायचा न्हाय. मग माझ्याकडे वळून म्हणाला, बाई, तुमचाबी न्हाय.

बरोबर बोलला. मी मान्य केलं.

मी माफी मागत नाही. मागितली तर ती देण्याचं काम तुमच्यावर पडेल, आणि तुमच्यावर मी आधीच पुष्कळ टाकलं आहे. पुढच्या पौषात दादांचं वर्षश्राद्ध आहे. पिंड तुम्ही द्यायचा आहे. संस्कृतीला सांगितलं आहे, तिनं माझ्याशी तीन दिवस बोलणं टाकलं आणि मग तेच म्हणाली. तुम्ही आलात तर मी घरात असावं की नसावं ते कळवा. नसावं म्हणालात तर मी बारामतीला माहेरी जाईन आणि किल्ली इमामभाईंकडे असेल.

दादांनी सांगितलेली दोन्ही पत्रं वहीतून फाडून सोबत ठेवली आहेत. अक्षर माझं आहे, शब्द त्यांचे. एकही बदललेला नाही. माझ्या पत्रावर विश्वास ठेवायचं तुम्हाला काही कारण नाही, म्हणून या पत्राची एक प्रत सही करून नागेशकडे दिली आहे. ती चावडीत वाचून दाखवा असं सांगितलं आहे. तुम्हीही कोणालाही दाखवा.

तुम्ही सोडलं नव्हतं. मी सोडलं.

शालन दत्तोबा जगदाळे
निवृत्त मुख्याध्यापिका