लेहचा तो हिवाळा

बाबा, मी लेहला जाऊन आले. तीनच दिवस होते, आणि त्यातला पहिला हॉटेलच्या पलंगावर पडून गेला, कारण तिथे एक जिना चढला तरी धाप लागते. तुम्ही सांगायचात तसंच सगळं आहे. डोंगरांवर गवताची काडी नाही, सावलीत हुडहुडी भरते आणि उन्हात नाक भाजतं, चहाला उकळी लवकर येते पण तो फिकाच राहतो. डोकं दाबून धरत मी खिडकीतून ते उघडे डोंगर बघत होते आणि मनात म्हणत होते, माझ्या बाबांनी इथे अख्खा हिवाळा काढला, मला सप्टेंबरातले तीन दिवस निघत नाहीत. अभिमानाने डोळे भरून आले होते. हे आता लिहायलाही लाज वाटते.

अधारतालच्या घराचा व्हरांडा आठवतो. रविवार आहे, तुमच्या फौजी ट्रकांच्या कारखान्याचा भोंगा नाही. तुम्ही खुर्चीत, आम्ही भावंडं खाली सतरंजीवर, आणि शेजारचे काका भिंतीला टेकून. बांगलादेशच्या लढाईच्या हिवाळ्यात कारखान्याने ट्रकांबरोबर काही मिस्त्री लेहला पाठवले होते. मी तेव्हा सहा महिन्यांची, त्यामुळे मला तो हिवाळा ठाऊक आहे तो तुमच्या तोंडूनच. पहाटे इंजिनाखाली शेगडी सरकवायची, आतलं तेल पातळ झालं की मगच गाडी चालू व्हायची. बारीक नट हातमोज्यांनी धरता येत नाहीत, म्हणून मोजे काढून उघड्या बोटांनी ते गारठलेलं लोखंड धरायचं. हे सांगताना तुम्ही दोन्ही हात आमच्यापुढे धरायचात. आई नेमकी तेव्हाच उठून स्वयंपाकघरात जायची. काका उजवा हात काखेत धरून ऐकायचे. त्यांच्या उजव्या हाताची चार बोटं अर्ध्यावर संपलेली होती. मशीनमध्ये हात गेला, असं तुम्हीच आम्हाला सांगितलं होतं.

काका एकटेच राहायचे. रोज सकाळी भोंग्याआधी तुम्ही त्यांच्याकडे जाऊन त्यांच्या बुटांच्या नाड्या बांधून यायचात. सणाचं पहिलं ताट त्यांच्याकडे जायचं, मग आपली पानं मांडली जायची. असा शेजारी नशिबाने मिळतो, असं सगळी गल्ली म्हणायची. सातवीत मी शाळेत तुमच्यावर निबंध लिहिला, लेहच्या हिवाळ्याचा. पहिला नंबर आला आणि तुम्ही मला शाईचं पेन आणून दिलंत. काकांनी वही मागून घेतली, दोन्ही तळव्यांत धरून शेवटपर्यंत वाचली आणि म्हणाले, "छान लिहिलं बेटा. थंडी अगदी बरोबर लिहिली तू."

लेहच्या बाजारात तिसऱ्या दिवशी मी जर्दाळू घेत होते. विकणारा म्हातारा बोलका होता. तरुणपणी फौजेच्या गाड्यांवर कामाला होता म्हणाला, तेव्हा मला राहवलं नाही. मी तुमची सगळी गोष्ट त्याला सांगितली, शेगडीची, नटांची, काढलेल्या मोज्यांची. त्याने मान डोलवत ऐकली आणि आपला डावा हात माझ्यापुढे धरला. दोन बोटं अर्धीच होती. "बिना दस्ताने के पूरी सर्दी?" तो म्हणाला. "फिर तो आपके पिताजी की भी गई होंगी।"

बाबा, तुमची बोटं लांबसडक होती. शेवटच्या दिवशीसुद्धा दहाच्या दहा.

हॉटेलवर येऊन मी आईला फोन लावला. लेहला खरं कोण गेलं होतं, विचारलं. ती म्हणाली, "काहून विचारून राहिली आता?" मी हट्ट सोडला नाही, तेव्हा बोलली. "यादीत नाव तुझ्या बाबांचं होतं. तू तापाने फणफणली होती. यांनी शेजारच्या भाऊजींचे पाय धरले. भाऊजींचं लग्न ठरलं होतं, तरी म्हणाले, लेकरू लहान आहे, मी जाऊन येतो. हात असा घेऊन आले, अन् मुलीकडचे नाही म्हणाले." मग तिने फोन ठेवला.

तुम्ही गेला नाहीत याचा मला राग नाही. माझ्यासाठी मागे राहिलात, भ्यालाही असाल, ते मी पोटात घातलं असतं. पण त्यांची गोष्ट का घेतलीत? बोटं गेली, संसार गेला, त्यांच्याजवळ तो हिवाळा तेवढा उरला होता. तोही तुम्ही त्यांच्यासमोर बसून, त्यांच्याच आवाजातला कंप घेऊन आम्हाला सांगितलात, आणि सकाळी जाऊन नाड्या बांधल्यात. मला तर तुम्ही त्यात साक्षीदार करून घेतलंत, पेन देऊन. त्यांच्या अस्थी ग्वारीघाटावर सोडताना तुम्ही लहान मुलासारखे रडलात. नावेत मी तुमचा हात धरून बसले होते. आज बसले नसते.

हे पत्र लिहून मी त्या निबंधाच्या वहीत ठेवणार आहे. तुम्हाला कुठे पाठवणार, आणि आईला दाखवायचं नाही. फक्त एक सांगायचं राहिलं. बाजारात त्या म्हाताऱ्याने पुढे विचारलं होतं, कितनी गई थीं? तोवर तो हिवाळा कोणाचा, ते मला कळून चुकलं होतं, बाबा. तरी मी लगेच म्हणाले, "चार. दाएँ हाथ की।"